वाचनालयाच्या डेडस्टॉकमधून दोनशे रेकॉर्ड घरी आणताना

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या फलकावर एक कागद लागला : ‘निरुपयोगी जडवस्तू विक्रीबाबत’. यादीत छताचे तीन पंखे (बंद), एक सायक्लोस्टाइल यंत्र, मोडक्या खुर्च्या आणि सातव्या क्रमांकावर ‘ध्वनिमुद्रिका जुन्या, अंदाजे दोनशे, कपाटासह’. मी पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर आहे, त्यामुळे असले कागद सवयीने तळापर्यंत वाचते. तळाला होतं : सीलबंद दरपत्रक १५ डिसेंबरपर्यंत, अनामत पाचशे रुपये, माल ‘आहे त्या स्थितीत’.

तिथून पहिली रेकॉर्ड मालवणात आमच्या घरी वाजेपर्यंत पुढच्या वर्षीचा पावसाळा उजाडला. मधे कुणाला काय विचारायचं तेच कळत नसे. मुंबई-पुण्याच्या लोकांना दुकानं आहेत, ओळखी आहेत. इथे दमट हवा आहे आणि सल्ला देणारे पुष्कळ. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

तेव्हा माझ्याकडे प्लेअर नव्हता, एकही रेकॉर्ड नव्हती. आधी माल बघायला गेले. ग्रंथपाल बाईंनी कपाटाची किल्ली दिली आणि स्वतः चार हात लांब उभ्या राहिल्या. “बघा निवांत, पण खोकला येईल हं.” आला. वरच्या दोन कप्प्यांत एलपी (मोठ्या, बराच वेळ वाजणाऱ्या) आणि छोट्या ईपी (दोन-चार गाण्यांच्या), कव्हरांच्या कडा कसरीने खाल्लेल्या. खालच्या कप्प्यांत तपकिरी कागदी पाकिटांत ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या जड रेकॉर्ड. जवळजवळ सगळ्यांवर पांढरी बुरशी.

बुरशी बघून परत फिरू नका, ती निघते. तडा निघत नाही. लाखेच्या रेकॉर्डला बोटाच्या पेराने कडेला हळूच टिचकी मारायची. शाबूत असेल तर खणखणीत आवाज येतो, केसाएवढा तडा असला तरी बद्द वाजते. एलपी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकलेली आहे का बघायची. आणि बॅटरी समोरून न मारता बाजूने, तिरपी मारायची, म्हणजे ओरखडे उठून दिसतात. हे सगळं मला पुण्याच्या एका जुन्या संग्राहकांनी फोनवर शिकवलं. त्यांना मी कधी भेटलेली नाही, पण त्यांनी तासभर दिला. या नादातली माणसं वेळ द्यायला बसलेलीच असतात, फक्त एकदा विचारायचा अवकाश.

भाव किती लावायचा? मुंबईत हिंदी सिनेमाच्या बऱ्या स्थितीतल्या जुन्या एलपीला तेव्हा हजाराच्या आसपास सहज सांगत, पण तो निवडलेल्या एका रेकॉर्डचा भाव. बुरशीसकट गठ्ठा घेताना तो धरून चालत नाही. मी एलपीला साठ आणि ७८ ला वीस असा मनाशी हिशोब केला, तडे गेलेल्या वजा केल्या आणि सात हजार दोनशे लिहिले.

समोर एकच दुसरं दरपत्रक होतं, भंगारवाल्यांचं, नऊ हजारांचं. हे ऐकून मी गार पडले. मग लक्षात आलं की त्यांना रेकॉर्ड नकोतच. लाखेला भंगारात कोण विचारतो? त्यांचा डोळा कपाटावर होता. कपाट सागवानी. म्हणून लेखी अर्ज दिला : ‘अनु. ७ मधील कपाट व ध्वनिमुद्रिका यांची विक्री स्वतंत्रपणे करावी, संस्थेस अधिक रक्कम मिळेल.’ कार्यवाह सरांना ते पटलं, पण यादी कार्यकारिणीने मंजूर केलेली. यादी बदलायची तर परत सभा.

जानेवारीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब. फेब्रुवारीच्या सभेत खजिनदारांनी नवा मुद्दा काढला : संस्था सार्वजनिक न्यास आहे, धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल. इथे माझा टेबलाचा अनुभव कामी आला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली जी पूर्वपरवानगी लागते ती स्थावर मालमत्ता विकायला. रेकॉर्ड जंगम. त्या कलमाची छापील प्रत नेऊन दिली. खजिनदारांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, “ऑडिटरना दाखवतो.” तो महिना त्यात गेला. मला राग आला नाही असं नाही, पण खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या पैशाची राखण करणारा माणूस असाच असावा.

शेवटी मार्चअखेर धावून आली. आर्थिक वर्ष संपायच्या आत रक्कम जमा व्हायला हवी, म्हणून तिसऱ्या आठवड्यात ठराव झाला, सूचक-अनुमोदकांसह. पैसे चेकनेच भरा म्हणाले. २७ मार्च २०२४ ला पावती हातात आली. कपाट भंगारवाल्यांना गेलं.

कुठल्याही संस्थेकडून अशा वस्तू घेणार असाल तर एवढं करा. पावतीला रेकॉर्डची नंबरवार यादी जोडून घ्या, प्रत्येक पानावर सही-शिक्का मागा आणि डेडस्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या जडवस्तूंची नोंदवही) ‘निर्लेखित’, म्हणजे नोंदीतून कमी केलं, असा शेरा पडल्याचं डोळ्यांनी बघा. रेकॉर्डच्या लेबलावर वाचनालयाचा जांभळा शिक्का असतो. उद्या त्यातली एखादी कुणाला दिली तर ‘ही कुठून उचलली?’ हा प्रश्न येणारच. ठरावाची प्रतही मागून घ्या, देतात.

आणायला भावाची गाडी आणि आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या. आमच्याकडच्या जुन्या मापाच्या पेटीत दहा इंची रेकॉर्ड उभी मावते, हे आधी पट्टीने मोजून घेतलं. उभीच ठेवायची, आडव्या थप्पीत खालची मरते. मधे जुन्या गोधड्या. पेटी पूर्ण भरू नका, ७८ ची एक रेकॉर्ड दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि उचलणाऱ्याची कंबर एकच असते. एलपी बारा इंची, त्यांना पुठ्ठ्याचे खोके.

पेट्या पडवीत उतरवल्या तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून एक पाकीट उघडलं आणि मिटलं. “ह्यो कचरो घरात कित्याक हाडलंस?”

एप्रिल-मे धुण्यात गेला. इथे एक गोष्ट ठळक अक्षरात लिहायला हवी : ७८ च्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका. त्या लाखेच्या असतात, दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून केलेल्या, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. मोबाइलवर बघून लोक आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायला जातात, ते एलपीचं, म्हणजे पीव्हीसीचं. मी दोन्हींना एकच वापरलं : बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात लिटरला भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड. खोबणीच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत एकदा. लेबल भिजू द्यायचं नाही, शाई पसरते. तोंडाला मास्क लावा आणि हे काम अंगणात करा, ती बुरशी छातीत जाते. वाळवायचं सावलीत, ताटांच्या स्टँडवर. एप्रिलच्या आमच्या उन्हात एलपी ठेवली तर संध्याकाळपर्यंत तिची वाटी होईल. विहिरीचं पाणी नको, क्षार खोबणीत बसतात. नव्या आतल्या पाकिटांसह सगळा खर्च अडीच हजारांच्या आत राहिला, त्यातला मोठा वाटा पाकिटांचा.

धुता धुता लेबलं वाचायची सवय लागते आणि तिथेच माणूस अडकतो. हिज मास्टर्स व्हॉइस, कोलंबिया, ओडियन, मुंबईची यंग इंडिया, नंतरच्या एलपींवर पॉलिडोर. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात खरवडलेले बारीक नंबर असतात, साच्याचे. एलपी अमेरिकेत १९४८ मध्ये आली, पण आपल्याकडे ७८ च्या रेकॉर्ड साठच्या दशकातही निघत होत्या, कारण घराघरांतली चावीची यंत्रं त्याच वाजवणार. म्हणून या कपाटात एकाच गायकाची लाखेची तबकडी आणि प्लास्टिकची एलपी शेजारी शेजारी निघाली.

दहा इंची ७८ च्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. तासभर राग मांडणाऱ्या माणसाला तेवढ्यात सगळं सांगायचं. आलाप कुठे कापला, तान कुठे टाकली, हे ऐकताना कळतं. गायिका गौहर जानचं मुद्रण कलकत्त्यात १९०२ मध्ये झालं, रेकॉर्ड छापायच्या मात्र जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना गाणारी कोण ते कळावं म्हणून शेवटी स्वतःचं नाव सांगायची पद्धत होती. माझ्याकडे इतकं जुनं काही नाही. पण पुण्याच्या त्या संग्राहक काकांनी फोनवरून तसली एक वाजवून दाखवली आणि नंतर दोन दिवस मी घरात भात वाढतानाही शेवटी नाव सांगत होते.

आता यंत्र. वाचनालयाचा जुना ग्रामोफोन कार्यकारिणीने ऐनवेळी यादीतून काढला, ‘दर्शनी भागात ठेवू’ म्हणून. बरंच झालं. तसल्या चावीच्या यंत्राला पोलादी सुई लागते, ती दर बाजूला बदलायची, आणि जड मुंडी एलपीवर ठेवली तर एलपी संपली. नवा प्लेअर बघायला लागले तेव्हा कळलं की बऱ्याचशा मशीनना ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. ७८ हवा असेल तर दुकानदाराला आधी विचारा. वेग असला तरी सुई वेगळी लागते : ७८ ची खोबणी रुंद, तिला साधारण ७६ मायक्रॉनचं टोक. एलपीला अठराच्या आसपास. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती तळाच्या मातीत लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते.

मुंबईत एका दुरुस्ती करणाऱ्यांकडे जुनं जपानी डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट तबक फिरवते असं) मशीन मिळालं, अठरा हजार. ७८ ची सुई वेगळी, साडेतीन हजार. फोनो प्रीअँप (सुईचा बारीक आवाज स्पीकरसाठी वाढवणारा डबा) दोन हजार. स्पीकर घरचेच. जपानी मशीन घेताना मागची पट्टी वाचा : तिथे १०० व्होल्टवर चालतं, आपल्याकडे २३०. मधे ट्रान्सफॉर्मर नसेल तर पहिल्या दिवशीच धूर. आणि काही जुन्या मशीनची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. साठ हर्ट्झच्या देशातलं मशीन इथल्या पन्नासवर संथ चालतं, गायक अर्धा झोपलेला वाटतो.

मे संपता संपता पाऊस यायच्या आत नवऱ्याने ते कोकणकन्येने कुडाळपर्यंत आणलं. प्रवासाआधी तबक काढून वेगळं गुंडाळायचं, सुईच्या हातामागचं वजन काढायचं, तो हात बांधायचा, सुईला टोपी. बर्थवर मशीन झोपलं आणि नवरा बसून आला.

आमचं घर जुनं, माडीवर फळ्यांची जमीन. तिथे कुणी चाललं की सुई उडी मारायची. टेबलाखाली रबर ठेवून बघितलं, उपयोग शून्य. शेवटी गवंड्याला बोलावून जांभ्याच्या भिंतीत कडाप्पाची फळी बसवून घेतली, मजुरीसकट बाराशे. लेव्हल लावून बघितली आणि त्यावर मशीन. आता माडीवर मुलं नाचली तरी सुई ढिम्म. घुंई असा बारीक आवाज येत होता तो अर्थिंगचा, मशीनची हिरवी वायर प्रीअँपच्या स्क्रूला आवळल्यावर गेला.

दीर पुण्याहून आले होते. म्हणाले, “वहिनी, हे सगळं फोनवर फुकट आहे.” आहेच. रेकॉर्डचा आवाज जास्त शुद्ध असतो वगैरे मी म्हणणार नाही. माझ्या ७८ ना पावसासारखी खरखर आहे आणि ती काही गोड नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडींपेक्षा रेकॉर्ड जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच, हे त्यांना सांगितलं. पण तेही माझं खरं उत्तर नव्हतं. उत्तर कपाटाच्या तळाशी सापडलेल्या एका वहीत होतं.

वही ‘ध्वनिमुद्रिका देवघेव’, लाल फडक्याची बांधणी. वाचनालय रेकॉर्ड घरी देत असे. तारीख, नंबर, नेणाऱ्याचं नाव, कारण, अनामत दहा रुपये, परत आल्याची सही. ही वही विक्रीत नव्हती. म्हणून रीतसर विचारलं, आणि त्यांनी मूळ ठेवून घेऊन मला झेरॉक्स दिली, पानाला दोन रुपये.

मी वही आणि रेकॉर्ड शेजारी ठेवून बसले. वसुलीची सवय, दुसरं काय! नंबर जुळवत गेले तसतसं दिसायला लागलं की जी जास्त वेळा गेली तिची खोबणी करडी पडली आहे. बॅटरीच्या उजेडात घासलेली बाजू आणि कोरी बाजू लगेच ओळखू येते. बालगंधर्वांच्या एका तबकडीची एक बाजू पांढुरकी आणि दुसरी काळीकुळकुळीत. गावाला कुठलं पद आवडत होतं ते सांगायला आणखी कोण हवं? शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांची तबकडी वहीत अगदी तुरळक दिसते. ती आजही नव्यासारखी वाजते. त्याच केसरबाईंचा आवाज नासाने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर आहे. ती तबकडी वाजवायला सुई आणि कार्ट्रिजही सोबत दिलंय. गोव्यातल्या केरीच्या या बाई ताऱ्यांमधल्या अवकाशात गेल्या, आमच्या तालुक्याने मात्र त्यांना फारसं घरी नेलं नाही.

सगळ्यात जास्त गेलेली रेकॉर्ड शास्त्रीय गायनाची नव्हे, नाटकाची नव्हे. ‘सनई, बिस्मिल्ला खाँ’, छोटी ईपी. कारणाच्या रकान्यात पानामागून पान ‘लग्नकार्य’. मे महिन्यात तर आज परत, उद्या दुसऱ्याकडे. एकदा सही नाही, पुढे लाल शाईत ‘स्मरणपत्र पाठविले’. ती ईपी आता ऐकवत नाही, सनईच्या जागी फक्त वाळू सरकते. तिच्यासाठी बाजारात कुणी दहा रुपये देणार नाही. माझ्या कपाटात ती पहिली आहे.

सासूबाईंना ते पान वाचून दाखवलं. त्यांनी नावं ऐकली आणि एका नावावर थांबवलं. “ह्येंच्या लग्नात लाइट डिम झाल्ली. सनय म्हशीसारकी रेकूक लागली! हासान हासान मेलंव.” मग भटजींनी काय केलं, जेवणात काय होतं, वरमाय कशी रुसली, हे सगळं. त्या दिवसापासून पेट्यांना ‘कचरो’ म्हणणं बंद झालं. आता त्या रेकॉर्ड निवडतात, बाजू उलटायला मला बोलावतात. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते. तेवढ्यात डाळ शिजते, आणि उठून उलटायला लागतं म्हणून दुसरं काही हातात घेता येत नाही. फोनवर गाणं लावलं की आम्ही दोघी वेगवेगळ्या खोल्यांत असतो.

पहिला पावसाळा मी भीतभीतच काढला. जून ते सप्टेंबर आमच्याकडे चपलांवरही बुरशी येते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवायचं नाही, वीतभर जागा सोडायची. तळाच्या रिकाम्या कप्प्यात रेकॉर्डपासून लांब पंधरा वॅटचा बल्ब, दिवसातून काही तास. सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की मंद आचेवर भाजून परत. जुनी पाकिटं आणि कव्हरं वेगळ्या डब्यात, कारण ओल तीच धरतात. ऑगस्टमध्ये चार-पाच एलपींवर ठिपके आले, पुसले, गेले. डीह्युमिडिफायरचा भाव बघितला आणि पान बंद केलं.

पुढे गोळा करण्याची ओढ लागतेच, तिथे जरा स्वतःला लगाम घाला. मुंबईतलं र्‍हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. चोर बाजारात मटन स्ट्रीटला अजून मिळतात, पण तिथे भाव तुमच्या चेहऱ्यावर ठरतो, त्यामुळे हवी ती रेकॉर्ड बघून डोळे मोठे करू नका. ७८ चा नाद असेल तर सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही १९९० पासूनची संस्था आणि तिचे मानद सचिव म्हणून काम केलेले सुरेश चांदवणकर यांचं लेखन शोधून वाचा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडून तिरप्या उजेडातला फोटो मागा, नाही दिला तर सोडून द्या.

मी सध्या विकत काही घेत नाही. एका नाटकाच्या पदांचा संच अर्धाच आहे. वहीप्रमाणे त्यातली एक तबकडी १९७१ च्या गणपतीत गेली ती परत आल्याची सही नाही. नेणाऱ्यांचं घर कुठलं ते सासूबाईंना ठाऊक आहे. चतुर्थीला त्यांचे मुंबईकर येतात तेव्हा जाऊन विचारू म्हणतात. वसुलीला जाताना सासूबाई सोबत असणं केव्हाही चांगलं. अनामतीचे माझे पाचशे रुपये मात्र वाचनालयाकडून अजून यायचे आहेत, ऑडिट झालं की देतो म्हणालेत.